गादी तीनदा बदलली, तरी मुकटी गाव आलं की बूड दुखतंच: लांब पल्ल्याच्या सीटचं दुखणं कसं शोधावं

जळगाव ते नवापूर. महिन्यातून तीन-चार वेळा हा रस्ता मी मोटारसायकलवर करतो. काम बियाण्यांच्या विक्रीचं, वाटेत दुकानं करत जायची असतात, म्हणून एसटी जमत नाही. एका बाजूचं अंतर जवळपास 200 किलोमीटर. गाडी 350 सीसीची, माझं वजन 74 किलो, उंची 5 फूट 6 इंच. हे आकडे आधीच सांगून ठेवतो, कारण सीटबद्दल सल्ला देणाऱ्याचं वजन आणि उंची विचारल्याशिवाय तो सल्ला घेण्यात अर्थ नाही. पन्नास किलोच्या माणसाला जी गादी दगड वाटते तीच नव्वद किलोच्या माणसाखाली चपटी होते.

माझा त्रास असा होता. पाळधी, एरंडोल, पारोळा, इथवर काही नाही. मुकटी आलं की मी सीटवर चुळबुळ करायला लागायचो. फागण्याला कधी डावा कुल्ला उचल, कधी उजवा. धुळ्याला उतरल्यावर दोन मिनिटं धड चालता यायचं नाही. चहा पिऊन, दहा मिनिटं उभं राहून पुन्हा बसलो की पुढची कळ थेट कुसुंब्याला, म्हणजे जेमतेम वीस किलोमीटरवर. कोंडाईबारीचा घाट यायच्या आत मी थकलेला असायचो, आणि थकलेल्या माणसाने घाटात ट्रकांच्या मधून गाडी काढणं धोक्याचं आहे. म्हणून हा विषय मला आरामापुरता वाटत नाही. दुखणाऱ्या माणसाचं लक्ष रस्त्यावर राहत नाही.

दोन वर्षांत मी तीन उपाय केले आणि तिन्ही फसले. ते का फसले हे आधी सांगतो, कारण बहुतेकांचा क्रम हाच असतो.

पहिला उपाय कुशनवाल्याकडचा. त्याला म्हटलं, गादी मऊ कर. त्याने कंपनीच्या फोमवर दोन इंच मऊ फोम चिकटवला, वर नवं रेक्झिन. पहिला आठवडा सोफ्यावर बसल्यासारखं वाटलं. महिन्याभरात दुखणं पुन्हा मुकटीलाच. उलट आता माकडहाडही दुखायला लागलं, जे आधी दुखत नव्हतं. दुसरा उपाय जेलचं पॅड. जानेवारीत छान चाललं. एप्रिलमध्ये पारोळ्याला एका दुकानासमोर गाडी अर्धा तास उन्हात राहिली आणि परत बसलो तर तव्यावर बसल्यासारखं झालं. जेल एकदा तापलं की लवकर निवत नाही. तिसरा उपाय हवेची गादी. ती मी फुग्यासारखी टम्म भरली, त्यामुळे वळणावर अंग डुलायचं. हवेच्या गादीत हवा इतकीच ठेवायची असते की बसल्यावर आपण खालच्या सीटपासून बोटभर वर तरंगतो. हे मला फार उशिरा कळलं, तोवर तिची शिवण उसवली होती.

तिन्ही वेळा मी एकच चूक केली. दुखतंय म्हणजे गादी कडक आहे, असं धरून चाललो.

मऊ गादीवर जास्त का दुखतं

आपण बसतो तेव्हा शरीराचं वजन पेलायला कमरेच्या हाडाला खालून दोन टोकं असतात. कुल्ल्याखाली हात ठेवून कडक ओट्यावर बसा, ती बोटांना टोचतील. वजन या दोन हाडांवर राहिलं तर माणूस तासन्‌तास बसू शकतो. गादी फार मऊ असली की ही हाडं फोममध्ये बुडतात, तळाच्या पत्र्याला किंवा प्लॅस्टिकला टेकतात आणि त्याच वेळी आजूबाजूचं नाजूक मांस, मधला भाग, माकडहाड, सगळ्यांवर भार येतो. हाड आणि तळ यांच्यात चेपलेल्या कातडीला रक्त कमी पोचतं. ती जळजळ म्हणजे रक्ताची ओरड आहे. दहा सेकंद उचललं की रक्त धावतं आणि बरं वाटतं, म्हणून तर आपण सरकत राहतो.

दुसरी गोष्ट हेलकाव्याची. उभ्या हादऱ्यांमध्ये सेकंदाला 4 ते 8 वेळा येणारा हादरा माणसाच्या कण्याला सर्वांत जास्त जाणवतो. शरीराला बसणारी कंपनं मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ 2631, हेच धरून चालतं. जाड आणि मऊ फोम नेमका या टप्प्यातला हादरा विझवत नाही, बऱ्याचदा वाढवतो.

दुकानात एक शब्द सारखा ऐकू येतो: डेन्सिटी. ‘चाळीस डेन्सिटी टाकू की साठ?’ डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन, एवढंच. फोम दाबल्यावर किती कडक लागतो हे वेगळं माप आहे. चाळीस डेन्सिटीचा फोम कडकही मिळतो आणि मऊही. जास्त डेन्सिटीचा फायदा टिकाऊपणात असतो: तो लवकर बसत नाही, उंची धरून ठेवतो. म्हणून नुसता आकडा विचारू नका. तुकडा जमिनीवर ठेवा आणि त्यावर एक गुडघा टेकून पूर्ण वजन द्या. फरशी लागली तर तो फोम परत करा.

हीच गुडघ्याची परीक्षा गाडीवरच्या सीटलाही लावा. माझ्या त्या दोन इंच मऊ गादीत पत्रा पहिल्या दाबालाच लागला होता.

कुठे दुखतं आणि किती किलोमीटरला दुखतं

इथून खरं काम सुरू झालं. चार फेऱ्या मी काहीही बदल न करता फक्त नोंद ठेवली: गाव कुठलं, दुखतं कुठे, ऊन किती, मागे कोणी बसलंय का, पँट कोणती. तुम्हीही हे करा. दोन फेऱ्या पुरेत, पण नोंद उतरल्याबरोबर करा, घरी जाऊन आठवून नको.

बसल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांतच दुखायला लागलं तर बहुतेक वेळा सीटचा आकार चुकलेला असतो: उतार, रुंदी, एखादी कड, एखादी शिवण. तास-सव्वा तासाने हळूहळू चढणारं दुखणं फोमचं असतं. आणि जे फक्त उन्हाळ्यात होतं ते कातडीचं, घामाचं आणि रेक्झिनचं.

जागेवरूनही कळतं. दोन ठिपक्यांसारखी जळजळ, अगदी हाडाखाली, म्हणजे फोम तळाला लागलाय किंवा फारच कडक आहे. माकडहाड दुखतं म्हणजे तुम्ही मागे कलून, पाठ वाकवून बसताय. मऊ गादीत खड्डा पडला की माणूस आपोआप तसा बसतो. मांडीची आतली बाजू काचते तेव्हा सीटचा पुढचा भाग रुंद असतो किंवा त्याची कड टोकदार असते. गाडी थांबवताना पाय टेकायला त्रास होत असेल तर हेच कारण पाहा.

सर्वांत दुर्लक्षित लक्षण म्हणजे पुढच्या नाजूक भागाला येणारा बधिरपणा. पुष्कळ जण लाजेने बोलत नाहीत. सीटला टाकीकडे उतार असला की प्रत्येक ब्रेकला आपण पुढे घसरतो, आणि वजन हाडांवरून निघून मधल्या भागावर येतं. तिथून एक महत्त्वाची नस जाते. तिच्यावर तासभर भार पडला की मुंग्या येतात. उतरल्यावर काही मिनिटांत जात असतील तर सीटचा उतार दुरुस्त करा. तासन्‌तास राहत असतील, लघवीला त्रास होत असेल, तर कुशनवाला सोडा आणि डॉक्टरकडे जा.

कंबर दुखते का? मग सीटला हात लावायच्या आधी मागचे शॉकअप बघा. माझी गोष्ट सांगतो. चैत्रात आम्ही दोघं सप्तशृंगी गडावर गेलो होतो, सामानासकट, म्हणून मेकॅनिककडून शॉकअपची स्प्रिंग सगळ्यात कडक खाचेत करून घेतली. परत आल्यावर ती सैल करायची राहूनच गेली. पुढचे आठ महिने मी एकटा त्याच कडक स्प्रिंगवर फिरत होतो आणि कमरेसाठी सीटला दोष देत होतो. बहुतेक गाड्यांच्या शॉकअपला पाच-सहा खाचा असतात, आणि टूलकिटमध्ये त्या फिरवायचा अर्धचंद्राच्या आकाराचा पाना असतो. एकट्यासाठी दुसरी खाच, दोघांसाठी चौथी-पाचवी, असं मी आता धरलंय. टायरमधली हवाही तशीच. पंपावरचा पोरगा ‘चाळीस मारतो’ म्हणतो आणि आपण मान डोलावतो. गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलाच आकडा भरा, तोही टायर थंड असताना.

आणि पाकीट. मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून शंभर किलोमीटर बसलात तर एक कुल्ला वर, एक खाली, कंबर वाकडी. माझी डावीकडची कळ अर्धी पाकीट काढल्यावरच गेली.

कापाकापीच्या आधी मोजा

नोंदी घेऊन मी भुसावळच्या एका म्हाताऱ्या कुशनवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी सीट हातात घेतली नाही, मला गाडीवर बसायला सांगितलं आणि पाच मिनिटं बाजूला उभे राहून नुसते बघत राहिले. मग म्हणाले, ‘भाऊ, फोम कमी नाहीये. तुमची बसायची जागा एकीकडे आणि सीटची रुंदी दुसरीकडे.’ मी टाकीला चिकटून, सीटच्या अरुंद भागावर बसत होतो. हाडं अर्धी कडेवर.

हाडांमधलं अंतर घरी मोजता येतं. जाड नालीदार पुठ्ठा ओट्यावर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर ताठ बसा, गुडघे थोडे वर, एक मिनिट. उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. माझं 12 सेंटिमीटर भरलं. सीट जिथे बसतो तिथे या अंतरापेक्षा दोन्ही बाजूंना भरपूर रुंद हवी, कारण कडेला फोम दबतो आणि उतरता होतो. माझ्या सीटची त्या जागी रुंदी 24 सेंटिमीटर होती. आता 29 आहे. त्यापुढे मात्र ती झपाट्याने अरुंद होते, नाहीतर पाय टेकत नाहीत.

उतार मोबाइलमधल्या लेव्हल मापकाने मोजा. पण गाडी स्टँडवर लावून नको. तुम्ही बसल्यावर शॉकअप दबतात आणि सगळा कोन बदलतो. एकाने पुढून गाडी सरळ धरायची, तुम्ही बसायचं, आणि दुसऱ्याने सीटवर सपाट पट्टी आडवी न ठेवता टाकीच्या दिशेने ठेवून वाचायचं. माझा उतार सात अंश निघाला.

आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट. रेक्झिन फाडायच्या आधी योगाच्या चटईच्या पट्ट्या कापा. सीटच्या पुढच्या भागावर एकावर एक ठेवून चिकटपट्टीने घट्ट बांधा, वर बागायती रुमाल ताणून गुंडाळा आणि एरंडोलपर्यंत जाऊन या. पट्टी सुटून चाकात जाणार नाही एवढं बघा. मी तीन दिवस पट्ट्या कमीजास्त केल्या. दीड सेंटिमीटरला पुढे घसरणं थांबलं. तोच आकडा चाचांना लिहून दिला. पुढच्या भागाची उंची वाढली की गुडघ्याचा कोनही थोडा उघडतो, पण पाय टेकणं अवघड होतं. दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागतात ना, हे बूट घालूनच तपासा.

मूळ सीट कापू नका. कंपनीचा फोम साच्यात ओतलेला असतो, एकदा कापला की पुन्हा तसा होत नाही. मी जुन्या सामानाच्या दुकानातून त्याच गाडीची दुसरी, फाटकी सीट आणली आणि सगळे प्रयोग तिच्यावर केले. चाचांनी तळाला साठ डेन्सिटीचा कडक फोम रुंद करून बसवला, पुढे दीड सेंटिमीटर उचललं आणि वर फक्त बोटभर जाडीचा मऊ थर दिला. मऊपणा लागतो तो एवढाच, कातडीपुरता. मधली आडवी शिवण, जी नेमकी हाडांखाली येत होती, ती काढून शिवणी कडेला नेल्या. रेक्झिनखाली पातळ पॉलिथिन घातलं, कारण पावसाचं पाणी शिवणीतून फोममध्ये उतरतं आणि आठवडाभर निघत नाही. तुमची सीट दाबल्यावर पाण्याचा फसफस आवाज येत असेल तर आधी ती वाळवा, मग दुखण्याची चर्चा करा.

नवी सीट पहिल्या दिवशी मला कडक वाटली आणि मी खट्टू झालो. चाचा म्हणाले होते, आठ-दहा दिवस काही ठरवू नका. ते बरोबर निघाले. शोरूममध्ये अर्धा मिनिट बसून ‘वा, काय मऊ’ म्हणण्याची फसगत इथेच होते. अर्ध्या मिनिटात मऊ फोमच जिंकतो, शंभर किलोमीटरला हरतो. नवी गाडी घेताना शक्य झालं तर कोणाकडून तीच गाडी मागून तासभर चालवा.

आपल्याकडचं ऊन

पुस्तकी सल्ले बहुतेक थंड देशांतून येतात, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांपर्यंत जातो. मेमरी फोम इथे घेऊ नका. तो उष्णतेने मऊ होतो, म्हणजे आपल्या दुपारी तो नुसता पीठ होऊन बसतो आणि डिसेंबरच्या पहाटे लाकडासारखा लागतो. जेलचं मी सांगितलंच.

रेक्झिनवर हवा खेळत नाही. घाम साचतो, कातडी मऊ पडते, घासते, मग घामोळं, मग गळू. त्यावर जाळीचं जाड कव्हर चांगलं, ज्यात दोन जाळ्यांच्या मध्ये उभे धागे असतात आणि हवा फिरते. पावसाळ्यात ते काढून ठेवावं लागतं, पाणी धरतं. टॅक्सीवाले वापरतात तसं लाकडी मण्यांचं आसनही वाईट नाही. अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशन या लांब पल्ल्याच्या मोटारसायकलस्वारांच्या संघटनेची ‘सॅडलसोर 1000’ नावाची कसोटी आहे, 24 तासांत 1000 मैल, म्हणजे सुमारे 1,609 किलोमीटर. असल्या रपेटी करणाऱ्यांमध्येही मण्यांचं आसन वापरणारे आहेत, कारण मण्यांमधून वारा जातो. मला ते गतिरोधकावर टोचतं, म्हणून मी जाळीवर राहिलो. कोणतंही आसन घेतलं तरी दोन्ही बाजूंनी पट्ट्यांनी आवळा. घाटात सरकणारं आसन नको.

कपड्यांचं थोडक्यात: जीन्सची मधली जाड शिवण आणि सुती चड्डीची ओली कड यांनी जेवढी कातडी सोलते तेवढी खराब सीटनेही सोलत नाही. घाम शोषून लवकर वाळणारी, शिवण नसलेली, मांडीपर्यंत लांब चड्डी घ्या. सायकलवाल्यांची पॅडवाली मोटारसायकलवर प्रत्येकाला चालत नाही, तिचं जाड पॅड आपल्या बसण्याच्या कोनात चुकीच्या जागी येतं. आणि कुल्ल्यांच्या फटीत, वरच्या टोकाला, वारंवार गाठ येऊन दुखत असेल, पू येत असेल, तर मलम लावत बसू नका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात जीपमध्ये हादरे खात बसणाऱ्या जवानांना हा त्रास इतका झाला की डॉक्टरांनी त्याला जीपचाच रोग म्हटलं. तो शस्त्रक्रियेच्या डॉक्टरला दाखवायचा आजार आहे.

आता माझा हिशेब. मुकटीला काही होत नाही. धुळ्याला चहासाठी थांबतो, पायांसाठी थांबावं लागत नाही. पहिली जाणीव साक्री ओलांडल्यावर, दहिवेलच्या आसपास होते, तीही दुखणं म्हणण्याइतकी नाही. रस्ता मोकळा दिसला की दर वीस मिनिटांनी फुटरेस्टवर दहा सेकंद उभा राहतो. गतिरोधक दिसला की हमखास उठतो. एवढी सवय कोणत्याही सीटवर लागतेच, उत्तम सीटवरही.

राहिलीय ती मागची अर्धी सीट. गडावरून येताना बायको चांदवडच्या पुढे बोलायचीच बंद झाली होती, आणि मी ते थकव्यावर ढकललं होतं. मागचा माणूस चाकाच्या जवळपास वर बसतो, हादरा त्याला जास्त बसतो, आणि खड्डा येतोय हे त्याला दिसत नाही. साडीत एका बाजूला बसलं की सगळं वजन एकाच हाडावर. परवा तिचाही पुठ्ठा घेतला: 14 सेंटिमीटर, माझ्याहून दोन जास्त. बायकांमध्ये हे अंतर सरासरीने जास्तच असतं, आणि माझ्या गाडीवर तिच्या वाट्याची सीट माझ्या सीटपेक्षा अरुंद आहे. पुठ्ठा चाचांकडे देऊन आलोय. दोन्ही पाय दोन बाजूंना टाकून बसायचं तिने कबूल केलंय, पण अट घातलीय की धरायला मागे पक्की दांडी बसवायची आणि फुटरेस्ट दोन बोटं पुढे घ्यायचा. दांडी मिळाली. फुटरेस्टचं वेल्डिंग करायचं की नटबोल्टची पट्टी लावायची हे रविवारी बसवून बघून ठरवू.